कागद कोणी भरला

सत्काराच्या शालींची मला किळस येते. प्लॅस्टिकच्या पिशवीतली, डांबरगोळीचा वास मारणारी, एका धुण्यात चिंधी होणारी शाल. दर पंधरा ऑगस्टला आमच्या नागपूरच्या कलेक्टर कचेरीच्या पटांगणात मांडव पडायचा आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून नाव लागलेल्या म्हाताऱ्यांना सकाळी सातपासून आणून बसवायचे. साहेब यायचे साडेनवाला. तोवर दोघं-तिघं तरी लघवीला जागा शोधत माझ्या टेबलामागच्या भिंतीशी यायचे आणि मी मान फिरवून बसायची. कचेरीला सुट्टी असायची, टाइपवालीला नसायची. सत्काराच्या याद्यांमधली नावं शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असत. कोणी मेलेला निघे, कोणी रुसलेला.

मी तेव्हा कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायची. सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. माहेर खाप्याचं, नवरा लवकर गेला, पदरी मुली, मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा पास, म्हणून हे. बारा टेबलांत बाई मी एकटी. कचेरीचं परमिट असल्याशिवाय तिथे बसू देत नसत. बाकीचे टाइपवाले पान खाऊन झाडाच्या बुंध्यावर थुंकायचे, आणि त्याच बुंध्याला दुसऱ्या अंगानं शेंदूर फासून देव केला होता, तोही त्यांनीच. मी एकदा बोलले, "काहून गा, देवावर थुंकता?" तर म्हणे, "बाई, देव तिकडल्या बाजूनं आहे." अशा लोकांत मी आयुष्याची एकवीस वर्षं काढली. स्वभाव तिरसट झाला म्हणतात माझा. झाला नसता तरच नवल.

दर सोमवारी माझ्याकडे दोन म्हातारे यायचे. दोघंही सिंधी, जरीपटक्याला राहणारे, सत्तरीला टेकलेले. उंच होते ते तिकडे सिंधमध्ये शाळामास्तर होते. इथे आल्यावर पापड विकले, बिस्किटं विकली, पण मी त्यांना मास्तरच म्हणायची. बुटके होते त्यांचं कटपीसचं छोटं दुकान, म्हणून ते कटपीसवाले. बेचाळीसच्या चळवळीत दोघं सक्करच्या जेलात सात महिने एका बराकीत होते. पुढे देश मिळाला आणि गाव गेलं. जो देश मागितला म्हणून जेलात गेले, त्यात त्यांचं घरच राहिलं नाही. कॅम्पातून कॅम्पात करत ते नागपूरला लागले.

माझ्याकडे येण्याचं कारण पेन्शन. जेलात होतो याचा दाखला जेलातून आणा, असा नियम होता. जेल पाकिस्तानात. बडे बाबू, म्हणजे त्या टेबलाचे हेडक्लार्क, शांतपणे म्हणायचे, "मंग तिकडून आणा ना जी." जसं काही सावनेरला जाऊन सातबारा आणायचा आहे! पुढे नियम निघाला की सोबतच्या कैद्यांनी लिहून दिलं तरी चालेल. मास्तरांनी कटपीसवाल्यांचं लिहून दिलं, कटपीसवाल्यांनी मास्तरांचं. बाबू म्हणाले, अजून एक साक्षीदार पाहिजे. आता तिसरा कुठून आणायचा?

तिसरा होता, पण तिकडे. त्याच बराकीतला, एका ताटात जेवणारा, शेतकऱ्यांच्या चळवळीत पकडलेला मुसलमान. तो सक्करलाच राहिला. त्याला पत्र गेलं, आणि त्या भल्या माणसानं जेलात चार खेटे घालून, कोण्या जेलरकडून शिक्का मारून कागद पाठवला. बडे बाबूंनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेलं झुरळ धरतात तसा, आणि परत केला. दुश्मन देशाचा कागद फायलीत लागत नाही म्हणे. मी दारातच उभी होते. मला त्या बोटांची शिसारी आली, अन् मी काही बोलले नाही. बोलायचं माझं काम नव्हतं.

शेवटी सही दिली ती अध्यक्षांनी. अध्यक्ष म्हणजे आमच्याकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या एका मंडळाचे. बेचाळीस साली हा माणूस सावनेरला मावशीच्या घरी गोवर काढत पडला होता. आमच्या खाप्याकडच्या बायकांना हे पाठ होतं, पण सरकारदरबारी त्यांनी जेल भोगला होता, तोही तीनदा. अशा माणसानं लिहून दिलं की हे दोघं खरे आहेत, आणि ते खरे झाले! बदल्यात काय, तर जन्मभर त्यांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचं, शाल घ्यायची, फोटोत उभं राहायचं. दोघं बसायचे. मला त्यांचाही राग यायचा. म्हणायची, "अहो मास्तर, कशाला जाता त्या ढोंग्याकडे?" मास्तर हसून म्हणायचे, "बेटी, सतरंजी चांगली असते."

खरं सांगायचं तर मला ते दोघं फार आवडत होते अशातला भाग नाही. बोलून बोलून डोकं उठवायचे. सगळं सिंधू नदीवर यायचं. कन्हान नदी ही काय नदी आहे, इथल्या माशाला चिखलाचा वास, तिथला पल्ला मासा असा न तसा. एकानं सुरू केलं की दुसरा त्याची चूक काढायचा: पल्ला मे महिन्यात नाही, जूनमध्ये चढतो. मग भांडण. तीस वर्षांपूर्वीच्या माशावरून दोन म्हातारे माझ्या टेबलापाशी हातघाईवर यायचे आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. "मासे घरी जाऊन शिजवा," मी ओरडायची, "इथे अर्ज असेल तर बोला."

मग एकाहत्तरच्या लढाईनंतर बंद पडलेले व्हिसा पुन्हा सुरू झाले. पाकिस्तानात नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस असेल तर जाता येईल, अशी बातमी आली. पाठोपाठ तिकडच्या मित्राचं पत्र आलं. सिंधीत होतं, उजवीकडून डावीकडे. मास्तरांनी मला अर्थ लावून वाचून दाखवलं. लिहिलं होतं की माझे डोळे पूर्ण गेले, हे पत्र नातवाकडून लिहून घेतो आहे. तुझा चेहरा दिसणार नाही, पण हातानं ओळखीन. या हिवाळ्यात ये, पुढल्या हिवाळ्याचा मला भरवसा वाटत नाही. मास्तरांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. कटपीसवाल्यांचे गुडघे गेलेले, त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. ते म्हणाले, "तू जा. दोघांचा मिळून जा." तेवढंच बोलले. त्या दिवशी माशावरून भांडण झालं नाही.

पासपोर्टच्या अर्जासोबत पोलीस चौकशीचा एक कागद भरून द्यावा लागे. इंग्रजीत, चार पानं, तीन प्रती. मे महिना, नागपूरची लू, कागद उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांना खडे. कटपीसवाले शेजारी उभे राहून फायलीनं मला वारा घालत होते. मी रकान्यांमागून रकाने ठोकत सुटले. दुसरं नाव कधी घेतलं काय? नो. दिवाळखोरी? नो. परदेशी नोकरी? नो. कोर्टानं कधी शिक्षा दिली काय? नो.

ठोकल्यावर माझ्या लक्षात आलं. या माणसानं दहा वर्षं माझ्याकडून एकच गोष्ट टाइप करून घेतली होती, की मला शिक्षा झाली होती, हो झाली होती, सात महिने, अमुक बराक, तमुक नंबर. तो नंबर मला झोपेतसुद्धा आठवला असता. आणि माझ्याच हातानं 'नो' पडलं.

खोडायचं म्हणजे तिन्ही प्रतींवर रबर फिरवायचं, मधे कार्बनचे डाग, साहेब खाडाखोड घेत नाहीत, म्हणजे ते पान नव्यानं. चार वाजलेले, पाठीतून घामाच्या धारा, हातांना काळं. मी म्हटलं, मरू दे, कोण वाचतं! वर मनाशी शहाणपणही केलं: उलट बरंच आहे, जेलाचं वाचलं की पोलीस दहा प्रश्न विचारतील. हे शहाणपण मागाहून सुचलेलं आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मूळ कारण आळस. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "सब ठीक?" मी म्हटलं, "हो. इथे सही करा."

पासपोर्ट आला. मास्तरांनी तो कटपीसच्या निळ्या तुकड्यात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला होता. मला दाखवला, बाकीच्या अकरा टेबलांनाही दाखवला. मित्रासाठी संत्रा बर्फी न्यायची ठरली, संत्री वाटेत सडतील म्हणून. कटपीसवाल्यांनी कुर्त्याचं कापड काढून ठेवलं, तेही मित्राच्या जेलातल्या मापानं. मी म्हटलं, "अहो, तो म्हातारा झाला असेल, जाडा झाला असेल." ते म्हणाले, "तो नाही होणार." व्हिसाचे कागद दिल्लीला गेले होते. डिसेंबरात निघायचं होतं.

घात केला तो सत्कारानं. सव्वीस जानेवारीला अध्यक्षांचा मोठा कार्यक्रम होता, कोणी मंत्री येणार होते, आणि मास्तरांनी सांगितलं की मी तेव्हा सक्करला असेन. बस! अध्यक्षांच्या पोटात दुखलं. आपल्या पहिल्या रांगेतला माणूस पाकिस्तानात जातो म्हणजे काय? त्यांनी वर चिठ्ठी दिली की या माणसाचे कागद तपासा.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी स्वतः हजर होऊन आपण जिवंत असल्याचं लिहून द्यायचं असे. त्या दिवशी मी बड्या बाबूंच्या खोलीत टाइप केलेली पत्रं द्यायला गेले, तर मास्तर आणि कटपीसवाले टेबलापुढे उभे. बसा म्हणायची पद्धत त्या खोलीत नव्हती. बाबूंच्या पुढ्यात दोन फायली उघड्या होत्या, एक पेन्शनची, एक पासपोर्टची.

"मास्तर, या कागदात तुम्ही लिहून राहिले का सात महिने जेलात होतो," बाबू म्हणाले. "आन् या कागदात लिहून राहिले का शिक्षाच नाही झाली कधी. आता मी खरं कोणतं म्हणू जी?"

मास्तरांना काही समजेना. बाबूंनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि अर्थ सांगितला. मास्तरांनी वाकून तो शब्द पाहिला. मी दारात. हातातली पत्रं मी छातीशी धरली.

बडे बाबू वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. कंटाळलेले होते, एवढंच. ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे पहा, मले तुमच्याशी काही वैर नाही. वरून चिठ्ठी आली म्हणून करावं लागून राहिलं. हा कागद तुम्ही नाही भरला, मले दिसते ना. कोन्या टाइपवाल्यानं भरला त्याचं नाव सांगा. मी टाइपवाल्याची चूक म्हणून लिहितो, त्याचं परमिट महिनाभर बंद ठेवतो, कागद दुरुस्त करून घेतो. तुमचा पासपोर्ट तुमच्यापाशी. दोन मिन्टाचं काम आहे."

"मीच भरला," मास्तर म्हणाले.

"तुम्हाले इंग्रजी येते?"

"येतं."

बाबूंनी कोरा कागद सरकवला. "मंग लिहा हाच शब्द."

मास्तरांनी पेन घेतलं. फॉर्मवर बघून आधी ओ काढला, मग त्याच्या डाव्या बाजूला एन काढला. उजवीकडून डावीकडे, जन्मभराच्या सवयीनं. अक्षरं मात्र अगदी तशीच काढली. बाबूंनी कपाळावर हात मारून घेतला. "काहून जी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता? तुम्ही तरी सांगा," ते कटपीसवाल्यांकडे वळले. "सोबत होते ना तुम्ही?"

"मी नव्हतो," कटपीसवाले म्हणाले. अर्धा तास उभं राहून मला वारा घालणारा माणूस! "मला काही माहीत नाही."

मग बाबूंची नजर माझ्यावर पडली. "बाई, तुमच्याच लाइनीतला कोणी असन. तुम्हाले माहीत आहे का?"

"मले काय माहीत," मी म्हटलं.

पोटाचं निमित्त मी करणार नाही. एक महिना परमिट बंद झालं असतं तर आमची चूल विझली नसती. भाऊ खाप्याहून ज्वारी पाठवायचा. मुली उपाशी मेल्या नसत्या. फक्त अकरा टाइपवाले हसले असते, की बाई चुकली. एवढ्यासाठी मी तोंड मिटून घेतलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला माझ्या त्या आवाजाची घाण वाटते. कसा अगदी सहज निघाला होता तो.

बाबूंनी सुस्कारा सोडला. "मंग दोघातलं एक खोटं लिहून द्या. जेल खोटा असन तर तुमची पेन्शन बंद, आन् यांचीही बंद, काहून का यांचे साक्षीदार तुम्हीच. कागद खोटा असन तर पासपोर्ट इथं ठेवा."

मास्तरांनी कटपीसवाल्यांकडे पाहिलं. कटपीसवाले घाईघाईनं म्हणाले, "जेल खोटा लिही. लिही ना. मला काय करायची आहे पेन्शन, दुकान आहे. लिही!" मास्तर "नाही" म्हणाले. त्यांनी आतल्या खिशातून ती निळी घडी काढली, सोडली, पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि कापड पुन्हा खिशात घातलं.

"बाई," बाबू मला म्हणाले, "आल्याच आहात तर यांचं एक निवेदन टाइप करून द्या."

केलं. बाहेर येऊन, माझ्याच टेबलावर, माझ्याच मशीनवर. मी स्वतः भरलेल्या कागदात मी खोटी माहिती दिली, सबब माझा पासपोर्ट जमा करत आहे. तीन प्रती. एकही चूक झाली नाही. मास्तरांनी कुठे सही करायची ते विचारलं आणि मी बोट ठेवून दाखवलं. माझ्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही, की मी पाहिलं नाही, आता सांगता येत नाही.

पुढल्या सोमवारी ते येणार नाहीत, अशी माझी खात्री होती. मी मनातून ठरवलंही होतं की आज आत जाऊन बाबूंना सांगून टाकायचं. पासपोर्ट अजून त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता, बुधवारच्या टपालानं जायचा होता, हे मला शिपायाकडून कळलं होतं. सकाळपासून दोनदा उठले आणि दोनदा बसले. पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं. दुसऱ्यांदा कोणी आलं नव्हतं, तरी बसले.

अकरा वाजता मास्तर आले, एकटेच. कोराडीहून जरीपटक्यावरून येणाऱ्या बसमध्ये उभे राहून आले होते, बसायला जागा मिळाली नव्हती. स्टुलावर बसून त्यांनी आधी दम घेतला.

"तिकडे कळवलं," ते म्हणाले. "लिहिलं, गुडघ्यांनी घात केला."

मी मशीनवरचा कपडा झटकत बसले.

"बडा बाबू भला माणूस आहे," ते म्हणाले. "मदत करत होता, मला कळत होतं. पण काय आहे, बेटी, सक्करला आम्हाला हेच विचारायचे. पत्रक कोणी लिहिलं, कोणी छापलं. तीन दिवस उभं ठेवलं होतं आम्हा तिघांना. लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आम्ही तिथे शिकलो, दुसरं काही शिकलो नाही. आता तो विचारायला लागला आणि तोंडच बंद झालं. माझ्या सोबत्याचंही झालं. बाहेर येऊन आम्ही दोघं हसलो."

त्यांनी माझ्याकडे वाकून पाहिलं. मग आवाज बारीक केला, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू दारात उभी होतीस. फार घाबरली होतीस, मी पाहिलं. ते सांगायलाच आलो. फिकर करू नको. आमच्याकडून तुझं नाव जाणार नाही."

म्हणजे माझी चूक सांगायला नाही, जाब विचारायला नाही. जरीपटक्याहून सत्तरीचा माणूस बसमध्ये उभा राहून मला धीर द्यायला आला होता. आणि ड्रॉवर माझ्यापासून पंधरा पावलांवर होता. बाबू आत होते, त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

मी उठले नाही. मी मास्तरांना विचारलं, "आणि कटपीसवाले? तेही नाही ना सांगणार?"